पॅकेजांचे दप्तर : साक्ष, निष्कर्ष आणि दुरुस्ती

१

कोणत्याही चालत्या यंत्रणेत वस्तू आणि वस्तूंची नोंद या दोन निराळ्या गोष्टी असतात. त्या दोहोंत अंतर पडू लागले म्हणजे यंत्रणेवरील माणसाचा ताबा सुटू लागतो. युनिक्स आणि तिच्या वळणाच्या संगणकप्रणालींत ही नोंद ज्या ठिकाणी राहते त्यास पॅकेज-डेटाबेस म्हणतात. कोणते सॉफ्टवेअर बसविलेले आहे, त्याची आवृत्ती कोणती, कोणत्या फायली त्याच्या मालकीच्या आहेत आणि ते इतर कोणावर अवलंबून आहे, एवढ्या प्रश्नांची उत्तरे त्यात मिळावी लागतात. प्रस्तुत विवेचनात या डेटाबेसास 'दप्तर' असे म्हटले आहे. डेटाबेस म्हटले की नुसते यंत्र डोळ्यांपुढे येते; दप्तर म्हटले की ते लिहिणारा, ते वाचून निर्णय घेणारा आणि ते फाटले तर सांधणारा माणूसही त्याच्याबरोबर येतो. दप्तराच्या निगेचा विचार करावयाचा तर या माणसाला वगळून चालणार नाही.

या विषयावरील चर्चेत मुख्य वाद झाला आहे तो दप्तराच्या घडणीविषयी. एक पक्ष म्हणतो की नोंद साध्या मजकुराच्या फायलींत असावी. कारण ती कोणालाही वाचता येते आणि संकटकाळी साध्या संपादकानेही दुरुस्त करता येते. दुसरा पक्ष म्हणतो की मजकूर ही जुनी रीत झाली. शोध जलद व्हावा आणि अर्धवट लेखन टळावे यासाठी खरा डेटाबेसच हवा. डेबियनचे डीपीकेजी हा पहिल्या पक्षाचा आधार, तर आरपीएम आणि २०१४ नंतरची फ्रीबीएसडी हा दुसऱ्याचा. दोन्ही पक्षांच्या म्हणण्यात तथ्य आहे. परंतु दोघांनीही एक गोष्ट न तपासताच गृहीत धरली आहे, ती ही की दप्तरातील सर्व नोंदी एकाच जातीच्या असतात. वस्तुतः काही नोंदी घडलेल्या घटनेच्या साक्षी असतात, तर काही त्या साक्षींवरून काढलेले निष्कर्ष असतात. साक्ष हरवली तर ती पुन्हा निर्माण करता येत नाही. निष्कर्ष हरवला तर तो पुन्हा काढता येतो. दप्तराचे आरोग्य या दोहोंचा भेद कितपत पाळला जातो यावर ठरते. नोंद मजकुरात आहे की डेटाबेसात, हा प्रश्न त्या मानाने दुय्यम होय.

२

पहिल्या पक्षाची मर्यादा पाहावयाची तर फ्रीबीएसडीच्या जुन्या पॅकेज-साधनांसारखे उदाहरण नाही. जॉर्डन हबर्ड यांनी १९९३ साली केलेल्या या साधनांचे दप्तर म्हणजे निर्देशिकांची एक रांग होती. प्रत्येक पॅकेजास एक निर्देशिका, तिचे नाव पॅकेजाचे नाव व आवृत्ती मिळून बनलेले, आणि आत काही छोट्या मजकूर-फायली. त्यांपैकी '+कंटेंट्स' या फाइलीत पॅकेजाने आणलेल्या फायलींची यादी असे आणि ते पॅकेज ज्यांच्यावर अवलंबून आहे त्यांची नावे आवृत्तीसह लिहिलेली असत. '+रिक्वायर्ड-बाय' या दुसऱ्या फाइलीत नेमके उलट नाते असे : या पॅकेजावर कोणकोण अवलंबून आहेत. सारे काही वाचनीय, सुबोध आणि हाताने दुरुस्त करता येण्याजोगे होते. तरीही हे दप्तर पुनःपुन्हा बिघडे.

बिघाडाचे कारण त्याच्या रचनेतच होते. गेटटेक्स्टसारखे, अनेकांच्या पायाशी असणारे एखादे पॅकेज नव्या आवृत्तीस नेले म्हणजे त्याच्या निर्देशिकेचे नावच बदले. त्यावर अवलंबून असलेल्या पॅकेजांच्या '+कंटेंट्स'मध्ये मात्र जुनेच नाव राही. आणि ज्या निर्देशिकेचे नाव तेथे लिहिले आहे ती आता अस्तित्वातच नसे. '+रिक्वायर्ड-बाय' ही तर स्वतंत्र नोंदच नव्हती. इतर सर्व पॅकेजांच्या '+कंटेंट्स' वाचून जे कोणासही काढता आले असते तेच तिच्यात आधी काढून ठेवलेले असे. एकच गोष्ट दोन ठिकाणी लिहिली, आणि दोन्ही ठिकाणांना सारखाच अधिकार दिला, की त्यांच्यात विसंगती यावयास वेळ लागत नाही.

या विसंगतीवर उपाय म्हणून 'पोर्टअपग्रेड' या साधनसंचात 'पीकेजीडीबी' नावाचे एक साधन होते. ते दप्तर चाळून तुटलेली नाती शोधी आणि प्रत्येकापाशी थांबून व्यवस्थापकास विचारी : हे जुने नाव या नव्या नावाने बदलावे काय? की ही ओळ काढूनच टाकावी? प्रश्न सरळ दिसतो, परंतु त्यातील मेख खोल आहे. एखाद्या पॅकेजाच्या '+कंटेंट्स'मध्ये जुन्या आवृत्तीचे नाव होते याचा अर्थ ती ओळ चुकीची होती असा होत नाही. हे पॅकेज तयार झाले तेव्हा त्यास अमुक आवृत्ती मिळाली होती, अशी ती खरी साक्ष होती. साधनाने ती पुसून त्या जागी आज जी आवृत्ती बसविलेली आहे तिचे नाव लिहिले म्हणजे दप्तर सुसंगत होई. पण पॅकेज कशाच्या आधारावर तयार झाले होते ही माहिती कायमची नाहीशी होई. नव्या आवृत्तीशी ते पॅकेज खरोखर जुळते की नाही याचा उलगडा मग दप्तरातून होत नसे. कार्यक्रम चालू करू जाता तो उघडेनासा झाला म्हणजेच होई. दुरुस्तीने येथे साक्षीचा बळी देऊन निष्कर्ष वाचविला.

जुन्या पेढीवरील हिशेबाच्या रीतीत हा भेद चांगला पाळला जात असे. व्यवहार घडला त्या दिवशी तो रोजकीर्दीत चढे. खतावणी मागाहून रोजकीर्दीवरून तयार होई. खतावणीत चूक आढळली तर रोजकीर्दीकडे परत जावयाचे, खतावणीशी जुळावी म्हणून रोजकीर्द खाडाखोड करावयाची नाही, हा तिचा पहिला दंडक. फ्रीबीएसडीच्या जुन्या दप्तरात या दोन्ही वह्या होत्या. पण कोणती कोणावरून उतरवावयाची याचा दंडक त्या दप्तराच्या रचनेत कोठे बांधलेला नव्हता.

नेटबीएसडीने १९९७ साली फ्रीबीएसडीच्या पोर्ट्‌स-व्यवस्थेवरून आपली 'पीकेजीसोर्स' ही शाखा उभारली, तेव्हा दप्तराची घडण तीच घेतली. त्या शाखेतील 'पीकेजी-ॲडमिन' या साधनाच्या दोन आज्ञा या दृष्टीने पाहण्यासारख्या आहेत. कोणती फाइल कोणत्या पॅकेजाची हे सांगणारी सूची एक आज्ञा सर्व '+कंटेंट्स' वाचून नव्याने बांधते. दुसरी आज्ञा अवलंबने मुळापासून पुन्हा सोडवून सर्व '+रिक्वायर्ड-बाय' फायली नव्याने लिहिते. म्हणजे या दोन गोष्टी खतावणीच्या आहेत, त्यांना स्वतःचा अधिकार नाही, याची कबुली त्या साधनाने दिली आहे. घडण तीच, मजकूर तोच. पण साक्ष आणि निष्कर्ष यांचा क्रम निश्चित झाल्याबरोबर दुरुस्तीचे स्वरूप पालटले. तेथे व्यवस्थापकास प्रश्न विचारण्याचे कारण उरत नाही.

३

दुसऱ्या पक्षाचा कस आरपीएमच्या इतिहासात लागतो. आरपीएमचे दप्तर दीर्घकाळ बर्कली डीबी या डेटाबेसात होते. त्यातील 'पॅकेजेस' नावाच्या फाइलीत प्रत्येक पॅकेजाचा संपूर्ण शीर्षलेख जसाच्या तसा साठविलेला असे. नाव, फायलींची नावे, पुरविलेल्या व मागितलेल्या गोष्टी यांवरून शोध घेण्यासाठी इतर फायली केवळ सूची म्हणून असत. रोजकीर्द आणि खतावणी यांचा भेद येथे आरंभापासूनच स्पष्ट होता, आणि 'रिबिल्डडीबी' ही आज्ञा त्या भेदावरच उभी आहे : शीर्षलेख शाबूत असतील तर बाकी सर्व काही त्यांवरून पुन्हा बांधावयाचे. वाचता न येणारे, द्विमान रूपातील हे दप्तर या एका बाबतीत फ्रीबीएसडीच्या वाचनीय दप्तराहून अधिक सुरक्षित होते, ही गोष्ट मजकूरवाद्यांनी विचारात घेण्यासारखी आहे.

तथापि डेटाबेस वापरल्याने ते निर्दोष झाले असेही नाही. मध्येच काम तुटले की बर्कली डीबीच्या सामायिक स्मृतीच्या फायली आणि कुलुपे तशीच मागे राहत, आणि पुढची आज्ञा अडून बसे. त्या फायली पुसून दप्तर पुन्हा बांधावयाचे हा उतारा व्यवस्थापकांच्या एका पिढीला तोंडपाठ होता. जो उतारा सर्वांना तोंडपाठ असतो तो रोगाच्या नित्यपणाचीच खूण असतो. त्यातच २०१३ साली बर्कली डीबीच्या सहाव्या आवृत्तीचा परवाना बदलला, आणि आरपीएमला जुन्या ५.३ या आवृत्तीवरच राहावे लागले. ज्या पायावर साऱ्या प्रणालीची नोंद उभी तो पाया परक्याच्या हाती आणि वाढ खुंटलेला, अशी ती स्थिती होती. २०२० साली आरपीएमच्या ४.१६ या आवृत्तीत एसक्यूलाइटचा आधार आला, आणि त्याच वर्षी फेडोरा ३३ ने तो मूलभूत म्हणून स्वीकारला.

फ्रीबीएसडीनेही हाच मार्ग याआधी धरला होता. जानेवारी २०१४ मध्ये आलेल्या १०.० या आवृत्तीत नवे 'पीकेजी' प्रमाणभूत झाले आणि निर्देशिकांच्या रांगेची जागा एसक्यूलाइटच्या एका फाइलीने घेतली. '+रिक्वायर्ड-बाय' तेथे उरली नाही. उलट अवलंबन हवे असेल तेव्हा ते प्रश्न विचारून काढावयाचे. या सुधारणेचे श्रेय सामान्यतः एसक्यूलाइटला दिले जाते, आणि एक वाटा त्याचा आहेच : सर्व बदल एकदम पक्के व्हावेत नाही तर एकही होऊ नये, ही हमी सुट्या फायलींत सहज मिळत नाही. परंतु मुख्य रोग बरा झाला तो निष्कर्ष लिहून ठेवण्याचेच सोडून दिल्यामुळे. तो निर्णय मजकुराच्या फायली कायम ठेवूनही घेता आला असता. शोध मात्र संथ झाला असता.

शिवाय या हमीची मर्यादाही सांगितली पाहिजे. डेटाबेसाचा व्यवहार नोंदीपुरता असतो. पॅकेज बसविताना फायली डिस्कवर उतरतात, तयारीच्या लिपी चालतात, सेवा थांबतात आणि सुरू होतात. मध्येच वीज गेली तर एसक्यूलाइट आपली नोंद मागे घेईल. उतरलेल्या फायली आणि चाललेल्या लिपी ते मागे घेऊ शकत नाही. अशा वेळी नोंद निष्कलंक दिसते आणि वस्तू मात्र अर्धवट असते. अर्धवट नोंदीपेक्षा ही स्थिती अधिक फसवी होय, कारण संशय यावा असे काही दप्तरात उरतच नाही.

४

येथेच डेबियनच्या दप्तराचे खरे सामर्थ्य दिसून येते. आणि ते त्याच्या वाचनीयतेत नाही. डीपीकेजीची मुख्य फाइल 'स्टेटस' या नावाची असते. तीत प्रत्येक पॅकेजाचा एक परिच्छेद, आणि त्या परिच्छेदात 'स्टेटस' याच नावाची एक ओळ. त्या ओळीत तीन शब्द असतात. पहिला शब्द व्यवस्थापकाची इच्छा सांगतो : बसवावे, काढावे, समूळ काढावे, की आहे त्या आवृत्तीवर रोखून धरावे. दुसरा शब्द काही बिघाड झाल्याने पॅकेज पुन्हा बसविणे आवश्यक आहे काय ते सांगतो. तिसरा शब्द प्रत्यक्ष अवस्था सांगतो; आणि या अवस्थांत 'बसलेले' व 'न बसलेले' एवढेच नसून 'अर्धवट बसलेले', 'नुसते उलगडलेले', 'अर्धवट जुळविलेले', 'काढले पण जुळणीच्या फायली शिल्लक' अशाही असतात.

इच्छा आणि वास्तव यांना एकाच ओळीत शेजारी बसवून त्यांतील अंतर उघडे ठेवणारी ही रचना मार्मिक आहे. काम मध्येच तुटले तर नोंद खोटे समाधान देत नाही. हे अपुरे राहिले, असे स्वतःच लिहून ठेवते. पुढे अपुऱ्या पॅकेजांची यादी मागता येते, आणि राहिलेली जुळणी तेथून पुढे चालविता येते. अपयशाची नोंद करण्यास ज्या दप्तरात जागाच नाही त्यात अपयश नोंदविले जात नाही एवढेच. ते घडावयाचे थांबत नाही.

लेखनाच्या शिस्तीतही हे दप्तर मजकुराचे असून ढिले नाही. चालू कामातील बदल आधी 'अपडेट्‌स' या निर्देशिकेत क्रमांक दिलेल्या छोट्या फायलींत उतरतात आणि मग मुख्य फाइलीत मिळविले जातात. ती मुख्य फाइल नव्याने पूर्ण लिहून झाल्यावरच जुनीच्या जागी ठेवली जाते, आणि जुनी प्रत वेगळ्या नावाने जपली जाते. शिवाय तिच्या दैनिक प्रती निराळ्या निर्देशिकेत काढल्या जातात. एपीटी हे वरच्या थरावरील साधन शोधासाठी जो द्विमान साठा बांधते तो तर खुशाल पुसून टाकावा. पुढील आज्ञेस तो आपोआप पुन्हा तयार होतो. रोजकीर्द मजकुरात व जपून ठेवलेली, खतावणी द्विमान रूपात व केव्हाही टाकून देण्याजोगी, असा हा विभाग आहे. दोन पक्षांतील वाद डेबियनमध्ये असा न भांडताच मिटलेला दिसतो.

एक नोंद मात्र अशी आहे की तिच्याकडे या सर्व प्रणालींत उशिरा लक्ष गेले. एखादे पॅकेज माणसाने मागितले म्हणून आले, की दुसऱ्या कोणासाठी ओघाने आले, हा भेद फायलींकडे पाहून कोणासही सांगता येणार नाही. डेबियनमध्ये तो एपीटीच्या 'एक्सटेंडेड-स्टेट्‌स' या वेगळ्या फाइलीत असतो. फ्रीबीएसडीच्या नव्या दप्तरात तो प्रत्येक पॅकेजापुढील एका खुणेत असतो. ही नोंद हरवली तर यंत्र बंद पडत नाही, म्हणून तिचे मोल कळत नाही. पण त्यानंतर नको असलेले आपोआप काढणारी आज्ञा एक तर काहीच काढत नाही, नाही तर हवे तेही काढते. हेतू ही साक्षींतील सर्वांत नाजूक साक्ष होय. ती कशावरूनही पुन्हा काढता येत नाही.

५

आता दुरुस्तीच्या प्रश्नाकडे वळणे प्राप्त आहे. दप्तराची निगा म्हणजे ते सुसंगत ठेवणे, अशी एक समजूत रूढ आहे. ती अपुरी आहे. कारण सुसंगती हा नोंदीचा नोंदीशी संबंध आहे, आणि सत्य हा नोंदीचा वस्तूशी. पहिला साधताना दुसरा बिघडविता येतो. अवलंबन पुरे होत नाही म्हणून 'स्टेटस' फाइल उघडून अवलंबनाची ओळच खोडली की एपीटी शांत होते. आरपीएमच्या 'जस्टडीबी' या पर्यायाने फायलींना हात न लावता केवळ नोंद बदलता येते. हे पर्याय निरुपयोगी नाहीत. नोंद खोटी पडली असेल तर ती खऱ्यावर आणण्यासाठी त्यांची गरज लागते. परंतु त्यांचा उपयोग तक्रार बंद करण्यासाठी केला तर दप्तर एका सुसंगत असत्याचे घर होते.

वस्तूशी ताडून पाहण्याची साधने तिन्ही व्यवस्थांत आहेत. नोंदीतील ठसे आणि डिस्कवरील फायलींचे ठसे ती जुळवून पाहतात. अपघाताने झालेला बदल त्यांतून कळतो. हेतुपुरस्सर घुसलेल्या माणसापुढे ती दुबळी ठरतात, कारण जो फाइल बदलू शकतो तो त्याच यंत्रावरील नोंदही बदलू शकतो.

नोंद आणि वस्तू यांनी बरोबर राहावे यासाठी दप्तराची जागाही महत्त्वाची ठरते. आरपीएमचे दप्तर पूर्वी 'व्हार' या शाखेत असे, आणि ज्या फायलींची ते नोंद ठेवी त्यांतील बहुतेक 'यूएसआर' या शाखेत. प्रणाली मागील अवस्थेस नेण्याची सोय आली तेव्हा 'यूएसआर' मागे जाई आणि दप्तर पुढेच राही. म्हणजे नोंद एका दिवसाची आणि वस्तू दुसऱ्या दिवसाची. ओपनसुसेने आधी आणि २०२२ साली फेडोरा ३६ ने ते दप्तर 'यूएसआर'खाली हलविले. हा बदल दिसावयास किरकोळ, पण तो सुसंगतीच्या नव्हे, सत्याच्या बाजूने केलेला आहे. याच्या उलट, कंटेनरची प्रतिमा लहान व्हावी म्हणून तीतून दप्तरच पुसून टाकण्याची जी रीत आहे तिने वस्तू राहते आणि साक्ष जाते. दोषांचा शोध घेणारी साधने बहुतांशी दप्तरच वाचत असल्याने अशा प्रतिमेत त्यांना काहीच दिसत नाही, आणि काहीच न दिसणे याचा अर्थ सर्व ठीक आहे असा घेतला जाण्याचा धोका राहतो.

हा धोका पुस्तकी नाही. २९ मार्च २०२४ रोजी एक्सझेड या संक्षेपन-साधनाच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत चोरदरवाजा ठेवलेला असल्याचे उघडकीस आले, तेव्हा प्रत्येक व्यवस्थापकाने पहिला प्रश्न आपल्या दप्तरालाच विचारावयाचा होता : या यंत्रावर कोणती आवृत्ती आहे? खरे दप्तर ज्याच्यापाशी होते त्यास क्षणात उत्तर मिळाले. पण त्या प्रसंगात डेबियनच्या अस्थिर शाखेने दिलेल्या दुरुस्त पॅकेजाची आवृत्ती पाहिली तर दप्तर वाचणेही किती डोळसपणे करावे लागते हे ध्यानी येते. ती आवृत्ती '५.६.१+रिअली५.४.५-१' अशी लिहिलेली होती. डीपीकेजीच्या नियमाने लहान क्रमांकाची आवृत्ती ही सुधारणा ठरत नाही; म्हणून आत ५.४.५ असूनही आरंभी ५.६.१ लिहिणे भाग पडले, आणि मधे 'रिअली' म्हणजे 'वास्तविक' हा शब्द घालावा लागला. केवळ आरंभीचे आकडे जुळविणाऱ्या यंत्रास ही नोंद बाधित आवृत्तीचीच वाटेल. पूर्ण ओळ वाचणाऱ्या माणसास ती त्या दोषाची दुरुस्ती असल्याचे कळेल.

६

या सर्व विवेचनावरून दप्तराच्या निगेचे काही निकष हाती येतात. साक्ष कोणती आणि निष्कर्ष कोणता हे रचनेतच स्पष्ट असावे, आणि निष्कर्ष केव्हाही टाकून साक्षींवरून पुन्हा बांधता यावा. अपुरेपणा आणि बिघाड यांची नोंद करण्यास दप्तरात जागा असावी. हेतूची नोंद ही मूळ साक्षींइतकीच जपली जावी. दप्तराने ज्या वस्तूंची नोंद ठेवावयाची त्यांच्याबरोबरच ते राहावे, पुढे जावे आणि मागेही यावे. दुरुस्ती करताना निष्कर्ष साक्षीशी जुळवून घ्यावा. साक्ष निष्कर्षाशी जुळवू नये.

या निकषांवर पाहता मजकूर आणि डेटाबेस यांच्यातील वाद बराचसा निस्तेज होतो. वाचनीय असूनही फ्रीबीएसडीचे जुने दप्तर दुबळे होते. द्विमान असूनही आरपीएमच्या शीर्षलेखांचा साठा भक्कम होता. आणि डेबियनने दोन्ही रूपांना आपापल्या जागी बसविले. निकषांचे पालन मात्र यंत्रावर सर्वस्वी सोपविता येत नाही. तक्रारीची ओळ खोडावयाची की तिचे कारण शोधावयाचे, हा निर्णय अखेर त्या दप्तरापाशी बसलेल्या माणसाचाच असतो. आणि तो रात्री, घाईत, सेवा बंद पडलेली असताना घ्यावा लागतो. त्या वेळी कोणती ओळ पवित्र आणि कोणती टाकाऊ हे त्यास दप्तरानेच सांगितले पाहिजे.